पेन्सिल पुसताना

सोमवारी तपासणीस येणार.
तोवर पुस्तकांतली पेन्सिल पुसून ठेवा,
असं अध्यक्ष म्हणाले आणि टेबलावर
शेंगांची फोलपटं ठेवून गेले.
एरंडोल. मे. दुपारचे तीन.
वीज गेलेली, खोडरबर घामानं बुळबुळीत.

सगळ्यात जास्त पेन्सिल
‘अंतराळातला विसावा’मध्ये.
चंद्राला वळसा घालून परत आणणारी सहल.
एकोणीस जण पैसे भरून चढतात,
आणि पलीकडे, जिथून पृथ्वी दिसत नाही,
सहलीची बाई चहा वाटते
तर कप वीस लागतात.
पुढची दोनशे पानं
हा विसावा कोण, यातच जातात.
माणसं कमी होत राहतात,
कप मात्र वीसच.

पान नऊ. काबरे अण्णा, देवनागरी टंकासारखं अक्षर:
‘नाव पाहून अध्यात्म समजलो. फसलो. पण सोडवेना.’
पुसलं.

पान एकतीस. हिलाल बडगुजर,
एस.टी.तून निवृत्त:
‘वेबिल जुळत नसताना डबल बेल दिलीच कुणी?
आमच्या डेपोत सस्पेंड झाला असता.
लेखकसुद्धा.’
हे पुसताना हसू आलं,
फुंकर जास्त जोरात गेली.

मग रक्ताचं पान. तिथे सोनवणे सर
लाल बॉलपेननं:
‘वजनच नाही तर थेंब खाली पडेल कसा?’
बॉलपेन पुसलं जात नाही.
सर बरोबर आहेत हे असंच राहील.

भावसार यात्रा कंपनीच्या मालकांनी
जाहिरातीच्या पानाला चौकट केली आहे.
‘खिडकीची जागा, मागे वळून पाहण्याची सोय.’
बाजूला त्यांचा हिशोब, द्वारका, सोमनाथ, बावन्न सीटा.
भीतीबद्दल एक अक्षर नाही.

नर्स किमया: ‘नाइट ड्युटीला वाचू नये.’
तिनं दोनदा नेलं.

आणि एके ठिकाणी नुसतं,
‘इतला पैसा दिसन मराले कोन जास?’
त्याखाली दुसऱ्या हातानं,
‘सुरतले जातस ना आपला पोऱ्या?’
त्याखाली कुणीच काही लिहिलेलं नाही.
इथे थोडा वेळ थांबले मी.
हायवेवर ट्रकचा आवाज येत होता,
पश्चिमेकडे जाणारा.

पुसलं तरी दाब राहतो.
पान तिरपं धरलं की दिसतो,
बोट फिरवलं की लागतो.
तपासणीस बोट फिरवत नाहीत.

पान एकशे सेहेचाळीस.
सगळ्यांनी मिळून विसाव्याला
दाराशी नेलं आहे, बाहेर काळोख,
तो काही बोलत नाही,
फक्त आपला कप शोधतोय.
इथे समासात बारीक अक्षर,
रेघेपासून जरा खाली लोंबणारं:
‘त्याला उतरवू नका. तो कुणाचा तरी असेल.’

मागच्या कार्डावर नावं तेरा.
तेराही जणांचं अक्षर मी ओळखते.
कुणाचा ‘न’ पोट फुगवतो,
कोण अनुस्वार विसरतं,
कोण शाळेत डावखुरं म्हणून मार खाल्लेलं.
हे त्यातलं कुणाचंच नाही.
पुस्तक या खोलीबाहेर कार्डाशिवाय जात नाही,
आणि किल्ली माझ्याच कमरेला.

बडगुजरांना सांगितलं तर म्हणतील,
पुन्हा मोजा.
मोजलं. पुन्हा तेरा.

उठून माठातलं पाणी प्यायले.
पेला सवयीनं पालथा घातला,
मग सुलटा करून भरून ठेवला.

हे एक वाक्य पुसलं नाही.
खोडरबर तिथवर गेला होता,
‘नका’च्या काठाशी थोडं काळं पसरलं आहे.
रजिस्टरात लिहिलं:
प्रत सुस्थितीत. किरकोळ खुणा.
वाचक
इथे जरा अडखळले,
आणि रकाना मोकळा ठेवला.